पंखा हळू केला की वीज वाचते का?

'पंखा एकवर ठेवा नाहीतर पाचवर, बिल तेवढंच येणार!' हे अजून घरोघरी ऐकू येतं. भिंतीवरच्या जुन्या, मोठ्या रेग्युलेटरच्या काळात त्यात बरंच तथ्य होतं. त्यात तारेचा रोध असे आणि पंख्याला न मिळालेली वीज तिथेच उष्णता होऊन जाई. हल्लीच्या छोट्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण स्वतः फारसे तापत नाहीत. म्हणून आता पंखा हळू केला की वीज नक्की वाचते.

मात्र वाचायला हवी तेवढी नाही. हवा ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार बदलते. वेग निम्मा केला, तर एक-अष्टमांश शक्ती पुरायला हवी. मग बाकीची जाते कुठे?

साध्या पंख्याची मोटर इंडक्शन जातीची. तिच्या स्थिर गुंडाळ्यांत 50 हर्ट्झच्या विजेमुळे फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. 14 ध्रुवांच्या मोटरीत ते मिनिटाला सुमारे 428 फेरे घेतं. रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, स्वतःचं चुंबकत्व नसतं. क्षेत्र त्याच्या पुढे धावत राहिलं तरच त्याच्यात प्रवाह निर्माण होतो आणि त्याला रेटा मिळतो. म्हणजे रोटरने मागे राहणं भागच आहे! या पिछाडीला 'स्लिप' म्हणतात, आणि रोटरला पोचलेल्या शक्तीचा स्लिपइतकाच हिस्सा उष्णतेत जातो. पंखा 350 फेऱ्यांवर असेल तर 18 टक्के. तोच 214 वर आणला तर तब्बल 50 टक्के, कारण रेग्युलेटर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. क्षेत्र 428 नेच धावत असतं.

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) या नव्या जातीच्या पंख्यात रोटरवर कायमचे चुंबक बसवलेले असतात. रोटर कुठे आहे हे ओळखून सर्किट गुंडाळ्यांतला प्रवाह बदलतं, त्यामुळे क्षेत्र रोटरच्याच वेगाने फिरतं. स्लिप शून्य. जिथे साधा पंखा 75 वॉट खातो, तिथे हा 30 च्या आसपास भागवतो. रोज 12 तास धरले तर महिन्याला 27 युनिटऐवजी 11. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून वाचलेली युनिटं तुमच्या बिलातल्या सगळ्यात महागड्या टप्प्यातली असतात.

प्लगमध्ये खोचायच्या 'पॉवर सेव्हर' डबीवर मात्र एक रुपयाही घालवू नका. तिच्यातला कपॅसिटर फार तर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, सुधारतो. घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर येतं. ही सरळ फसवणूक आहे.

सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. सर्वांत जास्त तास फिरणारा आधी बदला आणि त्याचा जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून घ्या, नाहीतर नव्या पंख्यातलं सर्किट बिघडू शकतं. खोलीत कोणी नसेल तर पंखा बंदच करा: तो खोली गार करत नाही, आपल्या अंगावरचा घाम वाळवतो.