पार्श्वभूमी : पोटावरची पिशवी, रेल्वेची यादी आणि कायद्याची यादी

स्टोमा म्हणजे ऑपरेशनने आतड्याचे तोंड पोटावर काढून केलेली शौचाची वाट; मळ तिथे लावलेल्या पिशवीत जमतो. तो असलेल्यांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळावे, ही मागणी कोकणात अधूनमधून डोके वर काढते आणि पुन्हा बाजूला पडते. ती समजून घ्यायला फार मागे जावे लागत नाही. तरी थोडे मागचे सांगून टाकतो. १७९३ साली फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरात गुदद्वार नसलेल्या एका तान्ह्या बाळाचे आतडे पोटावर काढले आणि ते मूल मोठे होऊन जगले. अंगाला चिकटणारी पिशवी मात्र यायला १९५४ साल उजाडले. डेन्मार्कमधल्या एका परिचारिकेने ती आपल्या बहिणीसाठी शोधून काढली. मधली दीडशेहून जास्त वर्षे ऑपरेशन होते, पण त्यानंतर जगायचे कसे याची सोय नव्हती.

त्या पन्नाशीच्या दशकातच अमेरिकेत स्टोमाभोवतीची कातडी वाचवण्यासाठी कराया डिंक वापरू लागले. हा डिंक कांडोळाचा, म्हणजे आपल्या डोंगरउतारांवर पांढऱ्याफटक बुंध्याने उभ्या असलेल्या झाडाचा. जगाच्या बाजारात जाणारा बहुतेक माल भारतातून जात असे. उकाड्यात आणि घामात तो वितळतो, त्यामुळे तिकडे उपयोगी ठरलेली ही वस्तू किनारपट्टीच्या हवेला फारशी मानवणारी नव्हतीच. सत्तरच्या दशकात हायड्रोकोलॉइडच्या, म्हणजे ओल शोषून कातडीला चिकटून राहणाऱ्या पदार्थाच्या, चकत्या आल्या. पिशवी धरून ठेवणाऱ्या ज्या चकतीला आज सगळे ‘फ्लँज’ म्हणतात तो त्यांचाच वंशज.

त्या दशकात मुंबईत स्टोमाधारकांचीच एक संघटना उभी राहिली. कोकणासाठी ही घटना मोठी, कारण तेव्हा आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन म्हणजे मुंबई हेच समीकरण होते. एसटीने रात्रभर प्रवास करून जायचे, नातेवाइकाच्या खोलीत महिनाभर राहायचे आणि पोटावर पिशवी घेऊन परत यायचे. गावी आल्यावर पिशव्या संपत. मग फडकी, कापूस, साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कमरेला पट्टा. पुढचा पुरवठा चाकरमान्यावर अवलंबून असे. गणपतीला आणि शिमग्याला येताना सामानात एक खोका यायचा. त्यात काय आहे हे घरातल्या दोघा-तिघांनाच ठाऊक असायचे.

२६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि हे चित्र बदलले. दिवसभराचा घाटरस्ता टळला, डब्यात संडास मिळाला. पिशवी निम्मी भरली की रिकामी करायची असते. एसटीच्या प्रवासात ते चालकाच्या मर्जीवर होते. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे उलटूनही संपले नाही. ज्यांना तपासणीसाठी वरचेवर मुंबई गाठावी लागते, त्यांच्या लेखी हा निव्वळ वाहतुकीचा विषय कधीच नव्हता. खड्ड्यात आपटणाऱ्या गाडीत पट्टा घट्ट धरून बसलेल्या माणसाला विचारा.

रोजच्या जगण्यात हवेचा वाटा सर्वांत मोठा. खोक्यावर फ्लँज किती दिवस टिकेल ते लिहिलेले असते. मे महिन्यात देवगडला किंवा गुहागरला तो त्याआधीच कडेने सुटू लागतो. जूनपासून हवेतच पाणी असते, म्हणून सुक्या मासळीबरोबर आता पिशव्यांचीही बेगमी होते आणि त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या जातात. ऑपरेशनपूर्वी रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून स्टोमाच्या जागेची खूण करायची असते. साडीखालच्या परकराची नाडी नेमकी कुठे येते हे त्याच वेळी पाहायचे. ते राहून गेले की त्या बाईला पुढची सगळी वर्षे गाउनवर काढावी लागतात. भातलावणीत दिवसभर वाकणे, डोक्यावर भारा, होडी ओढणे यांनी स्टोमाशेजारी हर्निया होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे शेतातल्या आणि समुद्रावरच्या माणसाचे काम बदलते, कधी सुटतेच.

खाण्याचे मात्र कोकणात बरे जमते. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर अंगातले मीठ आणि पाणी झपाट्याने जाते. नुसते पाणी पीत राहिले तर उलट त्रास वाढतो. मिठाची पेज ही इथल्या सकाळची जुनी रीत अशा वेळी औषधासारखी कामी येते. खोबरे वाटणात चालते, पण खवलेले खोबरे आणि फणसाचे गरे जपून, चावून खावे लागतात, नाहीतर आतडे तुंबते. मासळीने वास वाढतो हे खरे. पण म्हणून मासळी सोडलेला मालवणी माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. गणपतीच्या पूजेला बसायचे की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत उघडपणे विचारलाच जात नाही. पूजेचे तबक आपसूक धाकट्या भावाच्या हातात जाते. असे कुठल्या शास्त्रात सांगितले आहे, हे त्या घरातल्या कुणालाही सांगता येणार नाही.

आता मूळ वादाकडे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. नव्या यादीत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आले. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आले. स्टोमा आला नाही.

न घेण्यामागे मांडले जाणारे मुद्दे अगदीच पोकळ नाहीत. स्टोमा असलेला माणूस चालतो, पाहतो, ऐकतो, नोकरी करतो. बऱ्याच जणांचा स्टोमा तात्पुरता असतो आणि काही महिन्यांनी बंद करता येतो. शिवाय सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते, ते स्टोमाच्या बाबतीत मोजायचे कशाने? स्टोमाधारकांतही एकमत नाही. आम्ही धडधाकट आहोत, हा शिक्का नको, असे म्हणणारे अनेक आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

तरीही हे मुद्दे टिकत नाहीत. तात्पुरत्याचा प्रश्न असेल तर कायमस्वरूपी स्टोमापुरता निर्णय घेता येतो. जपानने १९८०च्या दशकापासून तेच केले आहे, तिथे कायमचा स्टोमा दिव्यांग प्रमाणपत्राला पात्र असतो. मोजमाप रक्ताच्या आजारांचेही सोपे नव्हते, ते ठरवले गेले. आणि माणूस चालतो-फिरतो हे खरे, पण किती वेळ आणि कुठपर्यंत, हे वाटेत पाणी असलेला संडास आहे की नाही यावर ठरते. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीतल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. यादीत नवा प्रकार घालायला संसदेत दुरुस्तीही आणावी लागत नाही. केंद्र सरकारने अधिसूचना काढली की पुरे, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे.

गंमत अशी की सरकारच्याच दुसऱ्या खात्याने स्टोमा केव्हाच ओळखला होता. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत स्टोमाधारक आहेत. मार्च २०२०मध्ये बहुतेक सवलती काढून घेतल्या, तेव्हा राहिलेल्या रुग्णांच्या अकरा गटांतही ते टिकले. पण त्या यादीत ते ‘रुग्ण’ म्हणून आहेत, दिव्यांग म्हणून नाहीत. आणि सवलत आहे ती मासिक व त्रैमासिक पासावर, निम्मी. असा पास साधारण दीडशे किलोमीटरच्या आतच निघतो. मुंबईहून निघालेल्या माणसाची दीडशेची हद्द रोह्याच्या आसपास संपते, आणि कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून. लोकलने कामावर जाणाऱ्या ठाणेकराला उपयोगी पडणारी ही सवलत राजापूरच्या शेतकऱ्याच्या काय कामाची?

प्रमाणपत्र नसले की गावपातळीवर दारे बंद होतात. एसटीतली दिव्यांगांची सवलत नाही, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी नाही. कर्करोगामुळे स्टोमा झालेल्याला निदान त्या आजाराच्या नावावर काही मिळते. कोलायटिसने (मोठ्या आतड्याच्या सुजेने), क्षयाने किंवा आतडे फुटून तीच पिशवी लागलेल्याला तेही नाही. दोघांचा पिशव्यांचा खर्च मात्र सारखाच.

या खर्चाकडे सरकारचे लक्ष उशिरा गेले. राज्याच्या आरोग्य योजनेने २०१२पासून ऑपरेशनाचा भार बराच हलका केला, पण नंतर घरी लागणाऱ्या पिशव्यांचा बोजा मुख्यतः घरावरच राहिला. जीएसटी १८ जुलै २०२२ला १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्याआधीची दोन वर्षे मात्र कठीण गेली. मार्च २०२०मध्ये गाड्या थांबल्या आणि मुंबईचा खोका यायचा बंद झाला. ३ जूनला निसर्ग वादळ आले, दापोली-श्रीवर्धन भागात कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात होती, पंप बंद, पाणी नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. २२ जुलै २०२१ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यात औषधांची दुकानेही होती.

सिंधुदुर्गाचा ओढा मुंबईपेक्षा गोव्यातल्या बांबोळीकडे. तिथल्या सरकारी रुग्णालयात २०१८च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते. त्यानंतर २०२१मध्ये सिंधुदुर्ग आणि अलिबागला, २०२३मध्ये रत्नागिरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. म्हणजे ऑपरेशन जवळ येण्याची शक्यता तरी आली. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्टोमाचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका बसावी आणि औषध भांडारात पिशव्या असाव्यात, ही दुसरी मागणी त्यामुळे आता जास्त वाजवी ठरते. तिला दिल्लीची अधिसूचना लागत नाही आणि खर्चही फार येत नाही. तरी निवेदनांत ती नेहमी प्रमाणपत्राच्या मागणीखाली, शेवटच्या ओळीत येते.