पोल बार्नमधील माळ्याची खोली

जमिनीत खोल गाडलेल्या लाकडी खांबांवर उभारलेल्या आणि पत्र्याने मढवलेल्या कोठारवजा इमारतीला उत्तर अमेरिकेत ‘पोल बार्न’ म्हणतात. अशा इमारतीत कार्यशाळा असेल, तर तिच्या वरच्या रिकाम्या उंचीत बांधलेल्या खोलीला माळ्याची खोली, लॉफ्ट किंवा मेझनीन असे नाव आहे. कचेरी, सुट्या भागांचे कोठार, शिवणकामाची जागा किंवा पाहुण्यांची खोली म्हणून ती वापरतात. छताखाली एवढी जागा आयतीच पडून आहे, तिथे चार तुळया टाकल्या की झाले, असे कोणालाही वाटते. ते खरे नाही. पोल बार्न वारा, पाऊस आणि बर्फ झेलण्यासाठी बांधलेला असतो. मधल्या मजल्याचे ओझे त्याच्या हिशेबात मुळीच धरलेले नसते.

हे कळायला या इमारतीचा उगम पाहावा लागतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले होते आणि शेतकऱ्यांना मोठी पण स्वस्त कोठारे हवी होती. तारायंत्राच्या व विजेच्या खांबांसारखे, औषध मुरवलेले खांब सरळ जमिनीत रोवले की भिंतीखालचा सलग पाया बांधावा लागत नाही. याच बचतीवर ही पद्धत रुजली. आज गोल खांबांऐवजी बहुधा चौकोनी खांब वापरतात. ते नावाला ६×६ इंचांचे असले, तरी प्रत्यक्षात साडेपाच इंच भरतात. दोन खांबांमध्ये साधारण ८ फूट किंवा त्याहून जास्त अंतर असते. खांबांना बाहेरून ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांवर पत्रा बसतो आणि वर कैच्या, म्हणजे छत पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे असतात.

माळा अडकवायला हात सगळ्यात आधी जातो तो या पट्ट्यांकडे आणि कैच्यांकडे. आडवे पट्टे फक्त वाऱ्याचा दाब खांबांपर्यंत पोचवतात, त्यांच्यावर मजल्याची तुळई टेकवणे चूक आहे. कैचीचा खालचा दांडा तर ताणात असतो. छताचे दोन्ही पाय फाकू न देणे हे त्याचे काम, आणि वरून फार तर हलक्या छतपट्टीचे, म्हणजे चौरस फुटाला ५ ते १० पौंड इतकेच ओझे त्याच्या हिशेबात असते. राहत्या खोलीसाठी अमेरिकी निवासी संहिता (घरबांधणीची नियमावली) चौरस फुटाला ४० पौंड (चौरस मीटरला सुमारे १९५ किलो) चल भार, म्हणजे माणसे व सामानाचा बदलता भार, धरायला सांगते, झोपण्याच्या खोलीसाठी ३०. हलक्या साठवणुकीसाठी मात्र अभियंते १२५ पौंड धरतात, म्हणजे राहत्या खोलीच्या तिपटीहून अधिक. खिळ्या-बोल्टांचे डबे आणि जुनी इंजिने ठेवण्याचा माळा बैठकीच्या खोलीपेक्षा कितीतरी दणकट लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डोक्याला जागा व्हावी म्हणून कैचीचे मधले तिरके दांडे कापणे हा या कामातला सर्वांत घातक प्रकार होय. एक दांडा कापला की सगळ्या कैचीचा तोल बिघडतो आणि पुढच्या बर्फात छत बसू शकते.

म्हणून मजल्याच्या भाराला जमिनीपर्यंत स्वतःची वेगळी वाट करून द्यावी लागते. समजा खोली १२×१६ फुटांची आहे, म्हणजे १९२ चौरस फूट. चल भार ४० आणि मजल्याचे स्वतःचे वजन १० पौंड धरले, तर एकूण ९,६०० पौंड होतात. भिंतींचे वजन वेगळे. चार कोपऱ्यांना चार खांब दिले तर प्रत्येकावर २,४०० पौंड येतात. चिकणमातीची सुरक्षित वहनक्षमता चौरस फुटाला १,५०० पौंड मानली, तर प्रत्येक खांबाखाली किमान १.६ चौरस फुटांचा पाया हवा. १८ इंच व्यासाची काँक्रीटची बैठक त्याला पुरते. १६ फुटांच्या तुळईला मध्ये खांब दिला की तुळई हलकी चालते, पण त्या मधल्या खांबावर कोपऱ्यातल्या खांबाच्या निदान दुप्पट भार पडतो, तेव्हा त्याची बैठकही तशी मोठी घ्यावी. कार्यशाळेची ४ इंची फरशी ही बैठक नव्हे. ती कापून खाली खणावे लागते, आणि थंड प्रदेशात जमीन जितकी खोल गोठते त्याच्याही खाली जावे लागते. मिनेसोटा राज्याच्या नियमांत हे अंतर दक्षिणेत साडेतीन फूट, तर उत्तरेत ५ फूट आहे.

बाहेरच्या गाडलेल्या खांबांवर तुळईचे एक टोक टेकवता येते. पण त्यांच्याखालची बैठक छताच्या भारापुरतीच घातलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय ते करू नये. जोड आरपार बोल्टांचा असावा, नुसत्या खिळ्यांचा नको. औषध मुरवलेल्या लाकडातले तांबे साधे लोखंड खाते, त्यासाठी जस्ताचा जाड थर दिलेले बोल्टच वापरावेत.

खरी अडचण उंचीची. खाली ८ फूट, मजल्याची जाडी १ फूट आणि वर संहितेत सांगितलेले किमान ७ फूट मिळून १६ फूट होतात. बहुसंख्य जुन्या कार्यशाळांच्या भिंती १२ फुटांच्या आसपास असतात. तिथे दोन्हीकडे वाकून वावरावे लागते, किंवा वरची जागा केवळ साठवणुकीची ठरते. नव्याने बांधणाऱ्याने भिंत सुरुवातीलाच उंच घ्यावी, किंवा जिच्या पोटातच खोलीची जागा आणि मजल्याचा भार धरलेला असतो अशी ‘अ‍ॅटिक’ कैची मागवावी. नंतरच्या खटाटोपापेक्षा हे फार सोपे पडते.

जिन्यालाही बरीच जागा लागते. पायरीची उंची पावणेआठ इंचांहून जास्त नको, पाऊल ठेवायला किमान १० इंच हवेत आणि रुंदी ३६ इंच हवी. उघड्या कडेला ३६ इंच उंच कठडा लागतो. झोपायची खोली असेल, तर आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकीही लागते. तिचे मोकळे तोंड ५.७ चौरस फुटांचे असावे आणि उंबरा खोलीच्या मजल्यापासून ४४ इंचांहून वर नसावा.

वरची खोली खालच्या कामाच्या हवेतच असते. वेल्डिंगचा धूर आणि तापलेली हवा वर चढते, चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड सगळीकडे पसरतो. म्हणून मजल्याच्या खालच्या बाजूला पाऊण इंचाहून किंचित कमी, ५/८ इंच जाडीचा अग्निरोधक जिप्सम बोर्ड लावतात, फटी बुजवतात आणि वर वायूसूचक बसवतात. गरम केलेल्या खोलीतली ओलसर हवा थंड पत्र्याला लागली की पाण्याचे थेंब गळू लागतात. त्यामुळे उष्णतारोधक थराच्या आतल्या बाजूला बाष्परोधक पडदा घालणे गरजेचे ठरते.

अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत शेतीच्या इमारतींना बांधकाम परवान्यातून सूट असते. त्याच इमारतीत माणूस राहू लागला की सूट जाते आणि संहिता पूर्णपणे लागू होते. विमा कंपनीही वापर बदलल्याची माहिती मागते.