विरळ हवेतील धाव आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

धुळे-जळगावच्या मैदानांवर पहाटे सैन्यभरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलांपैकी काहींना पुढे लेहसारख्या, सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी धावावे लागते. तेथील हवेतही प्राणवायू सुमारे २१ टक्केच असतो. मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू घटतो. अशा हवेत केलेल्या व्यायामाने केवळ दम लागत नाही, रोगप्रतिकारक पेशींचीही मोठी हालचाल होते.

व्यायाम सुरू होताच ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, रक्त वेगाने वाहू लागते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या व प्लीहेत थांबलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात उतरतात. यांत एनके पेशी, म्हणजे विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या पेशी, आघाडीवर असतात. कारण अ‍ॅड्रेनॅलिनला त्या विशेष संवेदनशील असतात. म्हणूनच जोरात धावून लगेच रक्त तपासायला दिले, तर सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, अहवालात पांढऱ्या पेशींचा एरवी दर मायक्रोलिटर रक्तात ४,००० ते ११,००० च्या दरम्यान असणारा आकडा संसर्ग नसतानाही चढलेला दिसू शकतो. विश्रांतीनंतर तासा-दोन तासांत लिम्फोसाइट (एनके पेशी ज्यांत मोडतात तो पांढऱ्या पेशींचा प्रकार) मूळ पातळीच्याही खाली उतरतात, तर न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार काही तास वाढतच राहतो. लिम्फोसाइटांची ही घट पाहून प्रतिकारशक्ती खालावली असे म्हणणे मला घाईचे वाटते, कारण त्यांतील बऱ्याच पेशी मरत नाहीत, तर रक्त सोडून फुप्फुसे, आतडी अशा ठिकाणी जातात.

प्राणवायू कमी असताना तोच वेग शरीराला अधिक जड जातो, त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरक जास्त स्रवतात व पेशींच्या संख्येतील चढउतारही वाढू शकतो. वेग कमी करून श्रम तेवढेच ठेवले, तर हा फरक बराचसा ओसरतो. पेशींना प्राणवायूची उणीव जाणवते ती एचआयएफ या प्रथिनामार्फत. या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले. न्यूट्रोफिल तर प्राणवायूविना साखर मोडूनच बहुतेक ऊर्जा मिळवतात, म्हणून सुजलेल्या जखमेतही ते काम करू शकतात.

सातपुड्यातील तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर आहे. तेथे चढाचा उत्तम सराव होतो. परंतु निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू तेथे फारसा उतरत नाही, त्यामुळे तो लेहचा सराव ठरत नाही. लेहला पोहोचल्यावर पहिले काही दिवस विश्रांतीला द्यावेत आणि नंतरही गावाकडच्या वेळेत १६०० मीटर संपवण्याचा आग्रह धरू नये.