खुलासा: शिडी, केळी आणि ती पाच माकडं

महाप्याच्या एमआयडीसीत कुठलंही ट्रेनिंग असो, पाच माकडांची गोष्ट येतेच: एक माकड केळ्यांसाठी शिडी चढलं की सगळ्यांवर गार पाणी, म्हणून चढणाऱ्याला बाकीची बडवतात; मग एकेक करून सगळी माकडं बदलली तरी बडवणं चालूच, का ते कुणालाच ठाऊक नसतं. तात्पर्य काय, तर माणसंही जुन्या रीती अशाच न विचारता पाळतात. असा प्रयोग कुठे नोंदलेला नाही. १९६७ साली संशोधक स्टीफन्सन यांनी रीसस माकडांच्या जोड्यांवर केला तो वेगळाच. शिडी नाही, केळी नाहीत, गार पाणीही नाही. एका ठरावीक वस्तूला हात लावला की शिक्षा म्हणून हवेचा झोत. ते शिकलेल्या एका नराने नवख्याला ओढून बाजूला केलं, बाकीच्या शिकलेल्या नरांनी नुसते धमकावणीचे हावभाव केले.

शिवाय माणसाला विचारता येतं! आमच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आला तरी लाल रजिस्टर चालूच. साहेब म्हणाले, ‘जुनी खोड.’ मी स्टोअरच्या काकांना विचारलं. ‘अरे, लाइट गेली की माल काय आठवणीवर देऊ?’