जमीन हाच पगार

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि लगेच प्रश्न उभा राहिला: फौज पोसायची कशावर? चिलखत, शस्त्रे, लढाईसाठी तयार केलेला घोडा आणि त्याची निगा राखणारा माणूस, एवढा एका नाइटचा, म्हणजे चिलखती घोडेस्वार योद्ध्याचा, बारमाही खर्च होता. रोख पैसा अपुरा होता, जमीन मात्र मुबलक हाती आली होती.

विल्यमने ती बड्या सरदारांना आणि मठांना वाटली. अट अशी, की बोलावताच ठरलेले नाइट हजर करायचे. सरदारांनी आपल्या वाट्यातले तुकडे त्याच अटीवर पुढे दिले. साधारण रिवाज वर्षाला 40 दिवसांच्या चाकरीचा होता.

हा करार कागदापेक्षा अंगाने व्हायचा. जमीन घेणारा उघड्या डोक्याने, निःशस्त्र गुडघे टेकायचा आणि जोडलेले हात धन्याच्या दोन्ही तळव्यांत द्यायचा. मग 'मी तुमचा माणूस' अशी शपथ. जमिनीचा ताबा देताना तर त्याच शेतातले मातीचे ढेकूळ हातावर ठेवत.

या सगळ्याचा भार वाहणारा, धन्याच्या शेतात आठवड्यातले काही दिवस फुकट राबणारा कुळवाडी मात्र शपथेच्या त्या चित्रात कुठेच दिसत नाही. त्याला व्हिलन म्हणत. खलनायकासाठीचा इंग्रजी शब्द याच माणसाच्या नावावरून आला, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आपण या व्यवस्थेला सरंजामशाही म्हणतो. पण मराठेशाहीतला सरंजाम म्हणजे फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलखाचा महसूल. तत्त्वतः तो वंशपरंपरागत नव्हता. इंग्लंडमध्ये मात्र जमीन लवकरच बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. वारसाने नजराणा भरायचा, तो राजे मन मानेल तसा उकळत. म्हणून 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या सनदेत, एका नाइटच्या जमिनीला जास्तीत जास्त 100 शिलिंग अशी मर्यादा घातली गेली.

चाकरीही पातळ होत गेली. 40 दिवसांत परदेशातली मोहीम उरकत नाही, त्यामुळे राजांनाही माणसांऐवजी पैसे सोयीचे वाटू लागले. चाकरीऐवजी भरायच्या या कराला ढालीच्या लॅटिन नावावरून 'स्क्यूटेज' म्हणत. त्या पैशांतून भाडोत्री सैनिक ठेवता येत. 1660 च्या कायद्याने लष्करी चाकरीच्या अटी रद्दच केल्या, मानाच्या चाकऱ्या तेवढ्या राहिल्या. लिंकनशायरमधल्या स्क्रिव्हल्सबीची जमीन राज्याभिषेकात राजाचा कैवारी, म्हणजे त्याच्या हक्काला आव्हान देणाऱ्याशी लढायला तयार असलेला योद्धा, म्हणून उभे राहण्याच्या अटीवर डायमोक घराण्याकडे आहे. 2023 साली चार्ल्स तिसऱ्यांच्या राज्याभिषेकात त्या घराण्याच्या वारसाने राजध्वज धरला होता.