सकाळची पहिलीच लघवी का? मूत्रपिंडाच्या तपासणीतील वेळेची पार्श्वभूमी

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या रुग्णाच्या लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन; मूत्रपिंड बिघडले की ते लघवीत झिरपते) मोजायचे असेल, तर डॉक्टर चिठ्ठीवर 'सकाळची पहिली लघवी' असे लिहून देतात. परंतु राजापूर किंवा देवगड तालुक्यातील एखाद्या आतल्या वाडीवरून निघालेला रुग्ण पहाटे घरीच लघवी करून एसटी पकडतो आणि तालुक्याच्या गावी दहा-साडेदहाला लॅबमध्ये जी डबी भरून देतो, तिच्यात दिवसातील दुसरी किंवा तिसरी लघवी असते. अहवालावर या फरकाची नोंद बहुधा नसते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकामागे शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे.

लघवी कधी घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे तसा जुनाच आहे. 'योगरत्नाकर' या वैद्यकग्रंथात रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, चार घटका उरल्या असताना (म्हणजे सूर्योदयाच्या सुमारे दीड तास आधी) रुग्णाला उठवावे, पहिली धार सोडून मधली धार पात्रात घ्यावी आणि सूर्योदयानंतर तिची परीक्षा करावी, असे सांगितले आहे. यावरून अल्ब्युमिनचे ज्ञान पूर्वीपासून होते असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल, कारण तेथे पाहायचे होते ते लघवीवर टाकलेला तेलाचा थेंब कसा पसरतो ते. वेळ ठरवल्याशिवाय दोन दिवसांच्या लघवीची तुलना करता येत नाही, एवढी जाण त्या सूचनेत नक्कीच दिसते.

आधुनिक वैद्यकात या विषयाची सुरुवात लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये झाली, असे साधारणपणे मानतात. तेथील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठते असे दाखवले आणि त्या लक्षणाचा संबंध शवविच्छेदनात दिसलेल्या खराब मूत्रपिंडांशी जोडला. लघवी तापवून ॲसिटिक आम्लाचे थेंब टाकण्याची परीक्षा आपल्याकडील आरोग्य केंद्रांतही गरोदर स्त्रियांसाठी वर्षानुवर्षे वापरली गेली. आम्ल टाकल्यावर गढूळपणा गेला तर तो फॉस्फेटचा आणि राहिला तर प्रथिनांचा, हा तिचा साधा नियम. ब्राइट यांच्या रुग्णांत प्रथिने इतकी जात होती की लघवी सकाळची की दुपारची, याने निदानात फारसा फरक पडला नसता.

फरक पडतो हे लक्षात आले ते धडधाकट दिसणाऱ्या माणसांमुळे. गाइजमधीलच फ्रेडरिक पेव्ही यांनी १८८५ मध्ये अशा व्यक्तींचे वर्णन केले, ज्यांच्या उठल्याबरोबरच्या लघवीत अल्ब्युमिन नसे, दिवस चढला की ते दिसू लागे आणि रात्री पुन्हा नाहीसे होई. त्यांनी त्याला चक्रीय अल्ब्युमिनविसर्जन म्हटले. पुढे असे उमगले की हे चक्र घड्याळाशी बांधलेले नसून शरीराच्या स्थितीशी बांधलेले आहे: माणूस आडवा असताना मूत्रपिंडातून प्रथिने कमी झिरपतात, उभा राहिला की जास्त. विशेषतः किशोरवयीन मुलांत हा प्रकार आढळतो आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो. त्यामुळे शाळकरी मुलाच्या दुपारच्या लघवीत प्रथिने सापडली म्हणून लगेच मूत्रपिंडाचा आजार मानू नये, तर रात्रभर झोपल्यानंतरची पहिली लघवी तपासावी, ही प्रथा येथून रुजली.

दिवसभरातील हा चढउतार टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे चोवीस तासांची सगळी लघवी गोळा करणे, आणि दीर्घकाळ तोच आदर्श मानला गेला. उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये साठवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली शेवटी धरायची. शेतावर, बाजारात किंवा बागेत दिवस घालवणाऱ्या माणसाकडून यातली एखादी वेळ हमखास निसटते, आणि मग मिळणारा आकडा अचूक दिसतो पण चुकीचा असतो.

खरी कसोटी लागली ती अत्यल्प अल्ब्युमिन मोजता येऊ लागल्यावर. गाइजमध्येच हॅरी कीन आणि क्लुव्हेराकिस यांनी १९६३ मध्ये रेडिओइम्युनोअॅसे पद्धतीने (किरणोत्सारी खूण लावून अत्यल्प पदार्थ मोजण्याच्या पद्धतीने) ते मोजून दाखवले. १९८२ मध्ये विबर्ती आणि सहकाऱ्यांनी रात्रभराच्या लघवीतून मिनिटाला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन जाणाऱ्या मधुमेही रुग्णांना पुढे मूत्रपिंडविकार होण्याची शक्यता फार मोठी असते, असे मांडले. त्याच सुमारास डेन्मार्कमधील संशोधक धोक्याचे वेगवेगळे उंबरठे सांगत होते: कोणी १५, कोणी ७०. हे अंतर काही अंशी नमुना घेण्याच्या वेळेचेच होते, कारण कोणी रात्रभराची, कोणी चोवीस तासांची तर कोणी दवाखान्यातील थोड्या वेळाची लघवी मोजत होते. आरामात आणि झोपेत अल्ब्युमिन दिवसापेक्षा साधारण ३० ते ५० टक्के कमी जाते, म्हणून एकाच्या उंबरठ्याने दुसऱ्याचा नमुना तोलता येत नाही. पुढे मिनिटाला २० ते २०० मायक्रोग्रॅम हा धोक्याच्या सुरुवातीचा पट्टा म्हणून मान्य झाला. २० मायक्रोग्रॅम म्हणजे चोवीस तासांत सुमारे ३० मिलिग्रॅम.

कॅनमधून सुटका केली ती क्रिएटिनिनने, म्हणजे स्नायूंत तयार होऊन लघवीवाटे जाणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाने. मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये सांगितलेल्या पिक्रिक आम्लाच्या रंगप्रक्रियेमुळे ते सहज मोजता येते, आणि शरीरातून ते दिवसभर बऱ्यापैकी एकाच गतीने बाहेर पडते. त्यामुळे एकाच डबीतील अल्ब्युमिनला क्रिएटिनिनने भागले की लघवी पातळ आहे की दाट, हा प्रश्न बराचसा मिटतो. आंबा काढणीच्या दिवसांत घामाने निथळणाऱ्या माणसाची लघवी दाट होते, तिथे याचा उपयोग दिसतो. शरीराच्या स्थितीचा आणि श्रमाचा परिणाम मात्र भागाकाराने जात नाही. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाळी आणि आदल्या दिवशीचे जड श्रम यांनी आकडा फुगतो, आणि भातलावणीत दिवसभर वाकून काम केलेल्या स्त्रीबाबत ही शक्यता ध्यानात ठेवावी लागते. म्हणूनच केडिगो या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहाटेच्या लघवीतील गुणोत्तराला प्राधान्य दिले आणि अवेळच्या नमुन्यात ते क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅम किंवा अधिक आले तर पहाटेच्या नमुन्याने खात्री करण्यास सांगितले.

'सकाळची' या शब्दाने मात्र किनाऱ्यावर थोडा घोळ होतो. हर्णै किंवा मिरकरवाड्याहून रात्री मासेमारीला गेलेला खलाशी रात्रभर जाळी ओढून पहाटे परततो. त्याची त्या वेळची लघवी घड्याळाप्रमाणे सकाळची असली, तरी शरीराच्या दृष्टीने ती श्रमानंतरची, दुपारसारखीच आहे. त्याने दिवसा झोप काढून उठल्यावरची पहिली लघवी द्यावी, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. वाडीवरच्या रुग्णालाही आदल्या दिवशीच स्वच्छ डबी दिली, तर एसटीला निघण्यापूर्वीचा नमुना तो सोबत घेऊन येऊ शकतो.