म्हातारा हळू चालला की कंपवातच असतो असं नाही, पीएसपी पण असते

कंपवात सगळ्यांना माहीत आहे, एका हाताला कंप, पाय घासत चालणं, अक्षर बारीक होणं, त्याच्यावर जास्त बोलत नाही. पण कुणी म्हातारं हळू चालून राहिलं की 'कंपवातच आहे' म्हणून मोकळं व्हायचं, हे आता बंद करा बाप्पा. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी, मेंदूचा वेगळा आजार आहे. अन् नावात पाल्सी आहे म्हणून तो लकवा पण नाही.

माणूस मंद होणं, अंग आखडणं दोन्हीत असते. पीएसपीत कंप बहुतेक नसतो, मान जास्त आखडते, कंपवातावर देतात त्या लेव्होडोपाच्या गोळीचा फरक कमी पडतो किंवा थोडे दिवसच टिकतो. खरी गफलत होते ती डोळ्यांत.

आमचे मोठेबाबा ओट्याच्या पायरीवर दोनदा मागं उताणे पडले, जेवताना ताटात भाकर कुठं ते हातानं चाचपायचे, सगळे म्हणे मोतीबिंदू असन, चष्मा बदला, दोन चष्मे झाले. पण समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर ते बरोबर वाचायचे! नजर चांगली होती, बुबुळंच खाली जात नव्हती. शेवटी एका डॉक्टरनं डोकं हलू न देता बोट वर-खाली फिरवलं, बुबुळं अडली, मग त्यानं हातानं डोकं मागं झुकवलं तर तीच बुबुळं आपसूक खाली सरकली. म्हणजे डोळ्याचे स्नायू ठीक, त्यांच्या नसा ठीक, बिघाड त्याच्या वर मेंदूतून येणाऱ्या हुकमात, सुप्रान्यूक्लिअर म्हणतात ते यालाच. सुरुवातीला बुबुळं अडत नाहीत, वर-खाली जाताना नुसती मंद होतात, म्हणून हे तपासायचं राहूनच जाते.

दुसरं पडण्याचं. कंपवातात पडणं बहुधा बऱ्याच वर्षांनी येते. पीएसपीत सुरुवातीलाच, बरेचदा मागच्या मागं. 2017 च्या निदानाच्या निकषांत पहिल्या 3 वर्षांतलं विनाकारण वारंवार पडणं धरलंय. म्हणून पहिल्यांदा कधी पडले, पुढं की मागं, हे घरच्यांनी लिहून ठेवा, डॉक्टर विचारो न विचारो, सांगा.

लोक आधी एमआरआयसाठीच नागपूर गाठतात. त्यात मिडब्रेन, म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग, आकसलेला दिसतो, पण सुरुवातीला रिपोर्ट नॉर्मल पण येऊ शकते, तेवढ्यावर 'काही नाही' म्हणू नका. गोळी चालू असन तर मनानं बंद करू नका, अन् पाणी पिताना ठसका लागत असन तर तेही डॉक्टरले त्याच दिवशी सांगा.